कल्पना-स्पर्धा भरवताय? बक्षिसाआधी प्रश्न ठरवा

आमच्या कोल्हापूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कल्पना-स्पर्धा भरते आणि नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात असतं. कमिटीची पहिली बैठक हमखास बक्षिसाच्या रकमेवर रंगते. मी म्हणते, रकमेचं नंतर बघू, आधी प्रश्न लिहा.

'पर्यावरणासाठी नवी कल्पना सुचवा' असं छापलंत, तर 'झाडे लावा' छापाच्याच प्रवेशिका येणार. त्याऐवजी असं विचारा: गुऱ्हाळाच्या चुलवाणाला, म्हणजे मोठ्या भट्टीला, लागणारं जळण कमी करा, काहील (रस उकळायची मोठी कढई) आहे तीच राहील, बदल एका दिवसात बसवता आला पाहिजे, गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, जादा माणूस लागता कामा नये. अटी घातल्या की डोकं चालतं. फक्त नमुना-उत्तर देऊ नका, निम्मे लोक तेच रंगवून पाठवतात. द्यायचीच तर माहिती द्या: जळण किती लागतं, चुलवाणाची मापं, फोटो.

प्रश्न त्या धंद्याबाहेरच्या माणसालाही कळला पाहिजे, हे माझं सगळ्यात ठाम मत. अलास्कात सांडलेलं तेल गोळा केलं की थंडीत पाण्यासकट घट्ट व्हायचं, पंपाने उपसता येईना. 2007 मध्ये 'इनोसेंटिव्ह' या, संस्थांचे अडलेले प्रश्न बक्षीस लावून सगळ्यांपुढे मांडणाऱ्या वेबसाइटवर हा प्रश्न 20,000 डॉलरच्या बक्षिसासह मांडला गेला. तो सोडवला जॉन डेव्हिस या रसायनतज्ज्ञाने, आणि तेलधंद्याशी त्याचा संबंध नव्हता. काँक्रीट वाहतं ठेवायला स्लॅबवर जो व्हायब्रेटर फिरवतात, तोच त्याने तेलासाठी सुचवला. प्रश्न तेलवाल्यांच्याच बोलीत असता तर त्याने तो वाचलाही नसता.

आता बक्षीस. 2014 मध्ये स्वच्छ भारतच्या बोधचिन्हासाठी 50,000 रुपये होते. ते आमच्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी मिळवले. रक्कम डोळे दिपवणारी नव्हती, पण काम देशभर दिसणार होतं. तुमच्याकडे पैसा कमी असेल तर विजेती कल्पना कुठे वापरणार ते लिहा. आणि कल्पनेवर हक्क कुणाचा, हेही ठळक अक्षरात. ते गुळमुळीत ठेवलं की जाणती माणसं लांबूनच नमस्कार करतात.

पहिल्या फेरीला एकच पान मागा, मराठीत चालेल असं सांगा. प्रवेशिकांचा ढीग हा मात्र यशाचा पुरावा मानू नका. स्पर्धक वाढले की एकेकाचा जोर कमी होतो. उत्तराची वाटच माहीत नसेल तेव्हा गर्दी कामाची, एरवी मोजकी जाणकार माणसं पुरतात.

निकाल लोकांच्या मतांवर सोडू नका. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये संशोधन जहाजाचं नाव ऑनलाइन मागवलं, तर 'बोटी मॅकबोटफेस' हे थट्टेतलं नाव पहिलं आलं! जहाजाला शेवटी सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं. परीक्षकांत एक गुळव्या हवाच. नापास प्रवेशिकेलाही कारणाची दोन ओळींची पोच द्या, पुढच्या वर्षी तीच माणसं बरं लिहितात.

तारीख धरताना परीक्षा टाळा, हे सगळे सांगतात. गुऱ्हाळवाल्यांच्या प्रवेशिका हव्या असतील तर पावसाळा धरा. हंगामात त्यांना काहिलीपासून हलता येत नाही.