पन्नाशीनंतर पांढरा पट्टा

५१व्या वर्षी कराटे चालू केलं तेव्हा घरातला पहिला प्रश्न, आता कोणाला मारायचंय? कोणालाच नाही हो. भाचीला रत्नागिरीत एका शाळेच्या हॉलमधे क्लासला सोडायला जायचो, तासभर बाहेर मोबाइल बघत बसायचो, शुगर बॉर्डरवर आलेली, म्हटलं बसण्यापेक्षा आत उभं राहू.

आत गेल्यावर कळलं की रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. म्हणजे पिवळ्या पट्ट्याचा चौथीतला पोरगा माझ्या पुढे आणि मी पार शेवटी. सर तिशीतले, ते मला काका म्हणतात आणि मी त्यांना सर. हे एकदा गिळलं की बरंच सोपं होतं. मी गिळलं नाही, पोरांसमोर कमी कशाला पडा म्हणून दुसऱ्याच आठवड्यात अंग गरम न करता त्यांच्याएवढी उंच किक मारायला गेलो, मांडीच्या मागे अशी चमक भरली की तीन आठवडे स्कूटरवर टांग टाकता येईना. सरांनी मला उंच मार म्हटलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी सरांना बाजूला घेऊन बीपी, गुडघा, पाठ जे काय असेल ते सांगून टाका, चालू करायच्या आधी डॉक्टरांनाही विचारा, आणि किक कमरेएवढीच मारा, तीसुद्धा नीट बसायला महिने जातात.

शोतोकान ही कराटेची शैली ज्यांच्यामुळे जपानभर गेली ते गिचिन फुनाकोशी १९२२ मधे ओकिनावाहून टोकियोला गेले तेव्हा पन्नाशीपुढचे होते. हे मी बायकोला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. ती म्हणाली, ते लहानपणापासून शिकत होते, तुम्ही कालपासून.

जपून राहायचं ते गुडघ्याला. झेनकुत्सु दाची म्हणजे पुढचा पाय वाकवून लांब उभं राहायचं, त्यात गुडघा आत पडू द्यायचा नाही, पावलाच्याच दिशेला ठेवायचा. आणि वळताना पाऊल लादीला चिकटलेलं आणि कंबर फिरली असं झालं की सगळा पीळ गुडघ्यात जातो, पावसाळ्यात तर लादी दमट असते आणि पाय सरकतच नाही. मी आता टाच जरा उचलून पाऊल आणि कंबर एकदमच फिरवतो. आणि पंच मारताना दम कोंडायचा नाही, बीपीवाल्यांनी तर नाहीच, श्वास सोडत मारायचा. पोरं ओरडतात ना तसं आपणही ओरडायचं, लाजायचं काय त्यात.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. पहिला काता हेआन शोदान, २१ हालचाली. वाट अशी की दोन आडव्या रेघा आणि मधे एक उभी, आणि संपताना जिथून निघालो तिथेच परत यायला पाहिजे. मी हॉलमधे नेहमी भलतीकडेच पोचायचो, का ते कळत नव्हतं. मग एका रविवारी ओहोटीला भाट्याच्या पुळणीवर ओल्या वाळूत काता केला आणि मागे वळून पाहिलं तर सगळी चूक छापलेली! दोन्ही पावलं एका रेघेत, दोरीवर चालल्यासारखी, म्हणून तोल जातोय, खरं तर दोन पावलांत खांद्याएवढं अंतर पाहिजे. उजवीकडची पावलं डावीकडच्यापेक्षा वीतभर आखूड, ती त्या दुखऱ्या मांडीची करामत. सर महिनाभर हेच सांगत होते, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय डोक्यात शिरेना. फक्त वाळूत पाय रुततो, तेव्हा तिथे वळताना पाऊल उचलूनच ठेवा.

आठवड्यातनं दोनच दिवस जातो, मधे दोन दिवस तरी मोकळे. परीक्षेचं सरांना सांगून ठेवलंय, पोरांबरोबर दर वेळी मला बसवू नका, तयार झालो की मीच सांगेन.

आणि ड्रेस दोन घ्या. जुलैत जाड कापड चार चार दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो, आणि पुढच्या रांगेतली पोरं तोंडावर सांगतात, काका, वास येतोय.