जुनं महागडं घड्याळ ऑनलाइन घेताय? पार्सल उघडताना आणि त्याआधीही या चुका टाळा

जुनं ओमेगा, टॅग हॉयर किंवा रोलेक्स ऑनलाइन घेणाऱ्याला एकच धास्ती असते, माल डुप्लिकेट तर नसेल ना? मग तो सिरियल नंबर तपासतो, बॉक्स आणि कार्ड मागतो, तारखेवरचं भिंग किती मोठं दाखवतंय ते झूम करून बघतो. ती भीती खोटी नाही. पण ठाणे-नवी मुंबईतल्या घड्याळवेड्यांच्या गप्पांत ज्या रडकथा ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याचशा अस्सल घड्याळांच्या असतात. घड्याळ खरं, नंबर खरा, कार्डही खरं, आणि आत पाणी जाऊन गंजलेलं मशीन. विक्रेता म्हणतो, "मी पाठवलं तेव्हा व्यवस्थित चालत होतं." घेणाऱ्याकडे त्यावर दाखवण्यासारखं काहीच नसतं.

विक्रेत्याने निवडलेल्या फोटोंवर निर्णय घेणं

नेरुळच्या एका परिचितांनी पावसाळ्याच्या तोंडावर जुनं सीमास्टर, म्हणजे ओमेगाचं पाण्यात वापरायचं मॉडेल, घेतलं. जाहिरातीत फोटो भरपूर होते, पण सगळे पिवळ्या दिव्याखाली आणि सगळे एकाच बाजूने तिरके काढलेले. घड्याळ आल्यावर खिडकीशी धरलं तर चारच्या खुणेजवळ, डायलच्या अगदी कडेला, तपकिरी डागांची बारीक रेघ. फोटोच्या कोनातून तिथे केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या खोळीची, आतली कड आडवी येत होती, म्हणून ती दिसली नव्हती. चावी, म्हणजे बाजूची फिरवायची गुंडी, आवळताना शेवटच्या आट्याला करकर वाजत होती. पाणी शिरलं होतं ते तिथूनच.

म्हणून फोटो आपण सांगू तसे मागायचे. दिवसा खिडकीशी, घरातले दिवे बंद करून, घड्याळ हळूहळू सगळीकडून फिरवत काढलेला सलग व्हिडिओ, शेजारी त्या दिवसाचा पेपर. चावी एकेका टप्प्यावर ओढून दाखवायची. काटे फिरवून तारीख बदलताना दाखवायची. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, असेल तर बटण दाबून काटा बरोबर बारावर परत येतो का, तेही. पट्टा काढून लग्जच्या, म्हणजे पट्टा अडकतो त्या शिंगांच्या, मधली जागा, कारण जुन्या रोलेक्सचे नंबर तिथे असतात आणि घामाने केस खाल्ली गेली असेल तर ते तिथेच आधी दिसतं. आणि एक फोटो अंधारात. बहुतेक घड्याळांत डायलच्या खुणा आणि काटे एकाच रंगाने, साधारण सारखे चमकले पाहिजेत. डायलच्या तळाशी 'टी स्विस मेड टी' असं छापलेलं असेल तर तिथे ट्रिटियम, म्हणजे खुणा चमकवणारं किरणोत्सारी द्रव्य, होतं. त्याचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे नव्वदच्या दशकातलं असं घड्याळ आज जवळजवळ चमकतच नाही. ते लख्ख चमकलं तर कोणीतरी नवा रंग भरलाय किंवा डायलच बदललीय.

टायमिंग मशीनवरचा, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडाही मागा. त्यात दिवसाला किती सेकंद मागे-पुढे एवढंच लोक बघतात, खरी मेख ॲम्प्लिट्यूडमध्ये, म्हणजे आतलं बॅलन्स चाक किती अंश झोके घेतं त्यात, असते. पूर्ण चावी दिलेल्या, डायल वर ठेवलेल्या निरोगी मशीनचा ॲम्प्लिट्यूड साधारण २७० ते ३१० अंश येतो. २२० च्या खाली गेला तर तेल सुकलंय किंवा आत झीज आहे असं समजायला हरकत नाही. मात्र टायमिंग मशीनवर 'लिफ्ट अँगल' (घड्याळाच्या रचनेनुसार भरायचा कोन) किती लावलाय ते विचारा. तो बहुतेक ठिकाणी ५२ वर सोडून दिलेला असतो. ओमेगाच्या को-ॲक्सियल मशीनला ३८ लावावा लागतो. तिथे ५२ राहिला तर आजारी मशीनही धडधाकट दिसतं. विक्रेता मुद्दाम करतो असं नाही, पण आकडा फुगतो तो फुगतोच.

"फक्त सेल टाकायचाय"

जुन्या क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या, घड्याळांच्या बाजारातलं हे सगळ्यात महागडं वाक्य. सेल टाकून घड्याळ चालत असतं तर विकणाऱ्याने तो टाकून, चालू घड्याळ म्हणून दोन पैसे जास्त घेतले नसते का? वर्षानुवर्षं आत पडून राहिलेला सेल पाझरतो आणि सर्किट खातो. बंद क्वार्ट्झ घड्याळ बंद म्हणूनच मोजायचं, किंमतही तशीच द्यायची.

"सर्व्हिस झालीय, तीनशे मीटर वॉटरप्रूफ आहे"

सर्व्हिस झाली असेल तर बिल असतं. बिल नसेल तर सर्व्हिस झालेली नाही, असंच धरून भाव करा.

बॅकवर, म्हणजे मागच्या झाकणावर, कोरलेले तीनशे मीटर हे घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाचे असतात. पाणी अडवतात ते रबरी गास्केट, आणि रबर म्हातारं होतं. चावीचे आटे झिजतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की घोडबंदर रोडवर भिजत उभं राहायचीही गरज नाही, बाहेरून एसीच्या ऑफिसात शिरलं तरी काचेखाली धुकं धरू शकतं. प्रेशर टेस्ट करून घेईपर्यंत जुन्या डायव्हर घड्याळाला पाण्याजवळ नेऊ नका. घड्याळवाल्याकडे हवेच्या दाबाने, घड्याळ न भिजवता होणारी टेस्ट असते, ती मागा.

पॉलिशचं काय, असं विचाराल. अतिपॉलिशने लग्जच्या धारा गोल होतात, केस बारीक होते आणि तो धातू परत येत नाही. गंमत अशी की बहुतेक विक्रेत्यांना हे नुकसान वाटतच नाही, उलट 'नव्यासारखं चकचकीत' म्हणून ते मिरवतात. त्यामुळे नंतर भांडून उपयोग नाही, आधीच विचारायचं.

तोंडी विचारणं

फोनवर तासभर बोललेलं कामाला येत नाही, आणि याला कायद्याचं कारण आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७ सांगतं की माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणं ही फसवणूक आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुसतं गप्प राहणं ही सर्वसाधारणपणे फसवणूक होत नाही. तुम्ही विचारलंच नाही आणि तो बोललाच नाही, तर बाजू कच्ची. तुम्ही लेखी विचारलं आणि त्याने 'नाही' लिहिलं, तर चित्र पालटतं.

म्हणून पैसे देण्याआधी ॲपच्या चॅटमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर सरळ प्रश्न टाका. घड्याळात कधी पाणी गेलं होतं का? डायल, काटे, काच, चावी यातलं काही बदललंय का? केस पॉलिश झालीय का? शेवटची सर्व्हिस कधी, कोणाकडे? "सर, एकदम मिंट कंडिशन, टेन्शन नका घेऊ" हे उत्तर नव्हे. तोच प्रश्न पुन्हा टाका. उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समजा.

विक्रेता ठाण्याचाच किंवा वाशी-बेलापूरचा असेल तर कॉफी शॉपमध्ये भेटण्यापेक्षा दोघांनी मिळून घड्याळवाल्याच्या काउंटरवर भेटावं, बॅक तिथेच उघडावा. तयार नसेल तर सोडून द्या. पैशांचंही तसंच. आपणहून पिन टाकून यूपीआयने दिलेले पैसे बँक परत आणून देत नाही. क्रेडिट कार्डवर निदान 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' अशी तक्रार नोंदवता येते. आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, तेव्हा 'कॅश दिलीत तर कमी करतो' या वाटेला जाऊ नका. पावतीच नसेल तर पुढे भांडणार कशावर?

पार्सल हातात आल्यावरचे पहिले दोन दिवस

सगळ्यात जास्त हरणं इथे होतं. विक्रेता लबाड असेलही, पण पुरावा आपणच पुसतो.

पार्सल फोडताना व्हिडिओ घ्या, आणि तो लेबलपासून सुरू करा. न फोडलेल्या खोक्याच्या सहाही बाजू, कुरिअरचं लेबल, मग कात्री, मग घड्याळ, सिरियल नंबर, काच, बॅक. मध्ये कॅमेरा बंद करायचा नाही. दोन तुकड्यांतला व्हिडिओ म्हणजे मधल्या वेळेत काय झालं हा प्रश्न आलाच.

घड्याळ बंद असेल तर लगेच तारीख लावू नका. बऱ्याच मशीनांत साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात. तेव्हा चावीने तारीख ढकलली तर दात मोडू शकतो. थांबलेल्या घड्याळातले दहा सकाळचे की रात्रीचे, ते कळत नाही. आधी काटे फिरवून तारीख कुठे बदलते ते बघा, तिथून सकाळच्या सहापर्यंत आणा आणि मग तारीख लावा. नाहीतर मोडलेला दात तुमच्या नावावर.

ब्रेसलेटच्या कड्या काढू नका. प्लॅस्टिक सोलू नका. आनंदाच्या भरात ऑफिसला घालून जाऊ नका. ॲपवर 'माल बरोबर मिळाला' हे बटण परताव्याची मुदत संपेपर्यंत दाबू नका. आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर तर बॅक मुळीच उघडू नका. एकदा बॅकवर ओरखडा उठला की विक्रेता म्हणणार, तुम्हीच उघडून बिघडवलंत. त्याला खोडून काढता येत नाही.

एक कात्रीत सापडवणारी परिस्थिती मात्र आहे. काचेखाली धुकं दिसलं तर घड्याळ जितकं बंद ठेवाल तितका गंज वाढतो, आणि उघडलं तर पुरावा बिघडतो. अशा वेळी आधी धुक्याचा व्हिडिओ, मग विक्रेत्याला त्याच दिवशी लेखी कळवणं आणि उघडायची परवानगी मागणं, आणि मग चांगल्या घड्याळवाल्याकडे त्याच्या लेटरहेडवर लिहून घेऊन उघडणं, हाच क्रम. विक्रेता उत्तर देत नसेल तर 'उद्या संध्याकाळी सहानंतर उघडून घेतो' असं कळवून थांबा. नेरुळच्या त्या परिचितांनी हेच केलं. घड्याळवाल्याने आतल्या गंजाचे फोटो, सिरियल नंबर आणि दुरुस्तीचा अंदाज एका कागदावर दिला. त्या कागदाने ॲपवाल्यांचा सूर बदलला.

प्रत्येक बिघाड म्हणजे फसवणूक नाही

भांडायला उठण्याआधी हे बघून घ्या. घड्याळ एकदम दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं तर बहुधा त्याला चुंबक लागलंय. स्पीकर, टॅब्लेटचं कव्हर, पर्सचं बटण, काहीही पुरतं. फोनच्या कंपासजवळ धरा, सुई हलली तर संशय पक्का. घड्याळवाला मिनिटाभरात ते काढून देतो.

शुक्रवारी रात्री काढून ठेवलं आणि सोमवारी बंद, असं असेल तर आधी पूर्ण चावी देऊन मोजा. ऑटोमॅटिकची, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाची, साठवण बहुतेक जुन्या मशीनांत दीड ते दोन दिवसांची असते, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या हातावर ते नीट भरतही नाही. क्रोनोग्राफमध्ये ईटीए कंपनीचं ७७५० मशीन असेल तर हात हलवल्यावर रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, गरगरल्याचा धक्का जाणवतो, तो त्या मशीनचा स्वभावच आहे.

ईटीए २८२४ मध्ये मात्र हाताने चावी देताना रोटरही सोबत फिरू लागला, तर रोटरच्या फिरण्यातून चावी भरणारी रिव्हर्सर चाकं सुकली आहेत. काम वाढवू नका, चावी देणं थांबवा. चावी आवळताना आटे धरत नसतील, चावी ओढल्यावर सैल हलत असेल, सेकंदकाटा एकाच जागी दरवेळी अडखळत असेल, तर या खऱ्या बिघाडाच्या खुणा, आणि त्या जाहिरातीत लिहिलेल्या असायला हव्या होत्या.

तक्रार कशी लिहायची

रागाने नाही, आणि "भाऊ, काहीतरी ॲडजस्ट करा ना" असंही नाही. साधारण असं:

"नमस्कार. आपण पाठवलेलं घड्याळ अमुक तारखेला मिळालं. अमुक तारखेच्या चॅटमध्ये आपण पाणी गेलं नसल्याचं लिहिलं होतं. डायलच्या कडेला गंजाचे डाग आहेत आणि चावीचे आटे झिजलेले आहेत, फोटो व घड्याळवाल्याचा लेखी अहवाल सोबत आहे. मला घड्याळ परत करून पूर्ण रक्कम हवी आहे. कृपया सात दिवसांत कळवावे."

घड्याळ ठेवायचंच असेल तर रक्कम अहवालातल्या खर्चाएवढी मागा, मनाने ठरवलेली नको. आणि विक्रेता 'ॲपवरची तक्रार मागे घ्या, मी बाहेरून पैसे टाकतो' म्हणाला तर पैसे खात्यात दिसेपर्यंत तक्रार हलवू नका.

विक्रेता दुकानदार किंवा नियमित व्यापारी असेल, किंवा ॲपनेच हमी दिली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यात, तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. घड्याळ पुन्हा विकून नफा कमावायला घेतलं असेल तर मात्र तुम्ही या कायद्याने ग्राहक ठरत नाही.

घरातलं एखादं घड्याळ विकणारा खाजगी माणूस असेल तर हा रस्ता सहसा लागू होत नाही. तिथे वकिलाची नोटीस, आणि पाया तोच, लेखी प्रश्न आणि लेखी उत्तर. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर पैसे घेऊन पसार होणाऱ्यांसाठी आहे. डायलवरच्या डागासाठी तिथे फोन करून उपयोग नाही.

परताव्याला होकार मिळाला तर घड्याळ पाठवतानाही व्हिडिओ घ्या. सिरियल नंबर, डाग, काच, मग पॅकिंग, मग लेबल. कुरिअरच्या काउंटरवर घड्याळाचा विमा उतरवतात का ते आधी विचारा, अनेक कंपन्या दागिने-घड्याळांना विम्यातून वगळतात. विक्रेता ठाण्या-मुंबईचाच असेल तर हातोहात द्या, आणि मिळाल्याची सही घ्या.