कोल्हापुरातल्या छोट्या खासगी विद्यापीठाच्या फुटबॉल संघात जागा कशी मिळवावी

प्रवेश घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात क्रीडा विभागात नाव नोंदवावे, कारण लहान विद्यापीठात वीस खेळाडू जमवतानाच प्रशिक्षकांची दमछाक होते आणि दोन्ही पायांनी बिनचूक पास देणारा बचावपटू त्यांना हवाच असतो. गोल करणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतात. चेंडू गेल्यावर मागे धावणारे कमी.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत वयोमर्यादा काटेकोरपणे पाहिली जाते, म्हणून दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका आणि चालू वर्षाची शुल्क पावती एकाच फाईलमध्ये ठेवावी.

खरी ओढाताण विद्यापीठाचा संघ आणि तालीम, म्हणजे शहरातला स्थानिक फुटबॉल संघ, यांच्यात असते. पाटाकडील किंवा दिलबहारसारख्या संघाकडून शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या विद्यार्थ्याने हंगामाचे वेळापत्रक हाती येताच ते प्रशिक्षकांना दाखवावे, सामन्याच्या आदल्या दिवशी नव्हे. शिवाय स्पर्धेमुळे बुडालेल्या तासांची हजेरी मिळावी म्हणून विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज आधीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी आश्वासन परीक्षेच्या वेळी कुणालाच आठवत नाही, हे मी स्वतः भोगले आहे.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी उशिरा येणाऱ्यांसाठी जेवण काढून ठेवण्याची सोय मेसच्या मावशींशी बोलून ठरवावी. सरावाआधी मिसळ मात्र टाळावी. कट पोटात असताना धावणे जमत नाही. पावसाळ्यात लाल चिखलाने माखलेले बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते तासाभराने बदलावेत आणि बूट उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवावेत, नाहीतर तळ सुटतो.