टॉवेलवर डाळिंबाचं फूल भरताना या चुका टाळा

टॉवेलवर भरलेलं डाळिंबाचं फूल दोनदा धुतल्यावर दिसेनासं झालं, की दोष दोऱ्याला दिला जातो. दोरा बिचारा जागेवरच असतो, टाके टॉवेलच्या लूपमध्ये, म्हणजे वर आलेल्या धाग्यांच्या फासांमध्ये, बुडालेले असतात. सोलापुरात टेरी टॉवेल घरोघरी, त्यामुळे भरतकामाला पहिला तोच हाती लागतो. टोकाशी लूप नसलेली सपाट पट्टी असते, नक्षी तिथे काढा. मधोमधच फूल हवं असेल, तर वर पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म टाचा आणि आकार मोठे, भरीव ठेवा. सोलापुरी चादरीच्या वाटेला मात्र जाऊ नका. वीण जाड, सुई अडते; शिवाय तिच्यावर जकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उमटवलेली, नक्षी आधीच आहे.

हात बसेपर्यंत मांजरपाट बरा, पण कोरा नको. आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, दोरा तेवढा आटत नाही आणि पाकळीभोवती चुण्या पडतात. कापड ताणून धरणारी गोल रिंग काढताक्षणी चुण्या दिसल्या, तर कारण वेगळं: कापड रिंगमध्ये सैल होतं किंवा दोरा जास्त ओढला गेला. तेवढे टाके उसवावेच लागतात, इस्त्रीने ते सुधारत नाहीत.

पाण्याने पुसणाऱ्या निळ्या पेनाने नक्षी काढली असेल, तर रेघा धुऊन जाईपर्यंत इस्त्री लावू नका. उष्णतेने रेघ कायमची बसते. रिंग उन्हात गच्चीवरही विसरू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पान. फिशबोन टाक्यात दोन्ही कडांवरून आळीपाळीने मधल्या शिरेपर्यंत तिरपे टाके घालतात. टोकाशी टाके छान तिरपे असतात, मध्यावर येईतो आडवे होतात आणि पानाची शिडी होते. कारण साधं आहे: कडेची सुई भराभर खाली सरकते, मधल्या शिरेवरची मागे राहते. ३ सेंमीच्या पानाला टोकापासून शिरेवर १ सेंमीचा सरळ टाका घ्या. दोन्ही बाजूंना चार-पाच तिरक्या रेघा पेन्सिलीने आखून ठेवा. टाका आडवा व्हायला लागला, की कडेला सुई आधीच्या टाक्याला चिकटून काढा आणि शिरेवर नेहमीपेक्षा थोडी जास्त खाली घाला. दोन-तीन टाक्यांत तिरपेपणा परत येतो. डाळिंबाचं पान अरुंद, लांबट असतं, त्याला भरतकामाच्या दोऱ्याच्या सहा पदरांपैकी दोनच पुरतात. दोरा ४५ सेंमीपेक्षा लांब घेतला, तर कापडातून ओढून ओढून त्याची चमक जाते.

फुलाचा जाड लालकेशरी बाहेरचा भाग भरीव टाक्याने गुळगुळीत भरा. टाका १ सेंमीच्या वर गेला, तर सैल पडून बांगडीत अडकतो. आकार मधून विभागा. पाकळ्या मात्र चुरगळलेल्या असतात, त्यांना तोच गुळगुळीतपणा दिला, की फूल प्लॅस्टिकचं वाटतं. एका पदराचे लहानमोठे, वेड्यावाकड्या दिशांचे सुटे टाके घाला. बोगनवेलीतही अशीच गफलत होते: पाच पाकळ्या भरल्या जातात. रंगीत पानं तीनच असतात आणि खरी फुलं आत, पांढरी, इवलीशी.

ज्वारीच्या कणसाला फ्रेंच नॉट, म्हणजे सुईभोवती दोऱ्याचे वेढे देऊन घातलेली गाठ. गाठ मागे निसटते, कारण सुई निघाली त्याच भोकात परत जाते. कापडाचे एक-दोन धागे सोडून घाला. दाणा मोठा हवा असेल, तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. जास्त वेढ्यांची गाठ लोळते.

लाल दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहणं कुणालाच आवडत नाही, पण पाहा. तरीही धुताना रंग उतरलाच, तर कापड वाळू देऊ नका. भरपूर गार पाण्यात भिजवा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत बदलत राहा.

इस्त्री उलट बाजूने, खाली दुमडलेला टॉवेल घालून. गाठी त्याच्या लूपमध्ये रुततात आणि चपट्या होत नाहीत.