पॅराट्रूपर की बीचवर उतरणारा सैनिक, जास्त धोका कुणाला? तुलना करायची तर अशी करा

दुसऱ्या महायुद्धावर गप्पा निघाल्या की हा वाद हमखास येतो. रात्री विमानातून उडी मारणाऱ्याचं मरण जास्त जवळ, का पहाटे बोटीतून मशीनगनसमोर उतरणाऱ्याचं? मग दोन्ही बाजूनी एकेक आकडा फेकला जातो, कोणीतरी ओमाहा (नॉर्मंडीचा एक किनारा) म्हणतं, कोणीतरी आर्न्हेम (नेदरलँड्समधलं शहर) म्हणतं आणि विषय तिथेच राहतो. पण याचं उत्तर काढता येतं, फक्त प्रश्न आधी नीट कापून घ्यावा लागतो. मी ही पद्धत ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीवर, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांची फौज उतरली त्या डी-डेवर चालवून दाखवतो, कारण दोन्ही प्रकारचे सैनिक एकाच दिवशी, एकाच शत्रूपुढे आणि काही ठिकाणी एकमेकांपासून जेमतेम दहा किलोमीटरवर उतरले होते, एवढं सोयीचं उदाहरण दुसरं नाही.

आधी किती उतरले ते लिहा, मग किती गेले ते

लोक नेमकं उलटं करतात. अमेरिकेच्या ८२ आणि १०१ एअरबोर्न डिव्हिजनचे मिळून साधारण १३,००० पॅराट्रूपर त्या रात्री उतरले आणि पहिल्या दिवसाचा त्यांचा तोटा साधारण २,५०० धरला जातो. ओमाहा बीचवर दिवसभरात सुमारे ३४,००० माणूस उतरला, तोटा जुन्या हिशोबाने २,००० ते २,४००, नंतरच्या काही अभ्यासकांनी तो आणखी वर नेलाय. युटा बीचवर २१,००० च्या वर उतरले आणि तोटा किती, तर २०० च्या आसपास.

आता भागाकार करा. पॅराट्रूपर पाचात एक, ओमाहा चौदा ते सतरात एक, युटा शंभरात एक. झालं, पॅराट्रूपर जिंकले (जिंकले म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच) असं म्हणून उठायचा मोह होतो, पण उठू नका, कारण या दोन्ही आकड्यांत गोची आहे.

पहिली गोची अशी की हा तोटा म्हणजे फक्त मेलेले नाहीत. मेलेले, जखमी, बेपत्ता, पकडले गेलेले सगळे एकत्र धरलेत. आणि पॅराट्रूपर तर त्या रात्री पार विखुरले होते, कोणी वीस-तीस किलोमीटर लांब पडलं, कोणी भलत्याच युनिटमध्ये जाऊन लढत होतं, त्यामुळे ६ जूनच्या संध्याकाळी जो बेपत्ता होता तो चार दिवसांनी दाढी वाढलेल्या अवस्थेत आपल्या कंपनीत परत येऊ शकत होता. त्यामुळे पॅराट्रूपरचा आकडा पहिल्या दिवशी जरा फुगलेला दिसतो.

दुसरी गोची ओमाहाच्या ३४,००० मध्ये. त्यात दुपारी आणि संध्याकाळी उतरलेलेही आहेत, म्हणजे जात्यातले आणि सुपातले तुम्ही एकाच टोपलीत मोजताय. साडेसहाच्या पहिल्या लाटेत कोण होतं ते वेगळं काढा. २९ डिव्हिजनच्या ११६ रेजिमेंटची ए कंपनी व्हिएरव्हिलच्या समोर उतरली, रॅम्प पडल्यावर दहा मिनिटांत कंपनीला ना पुढारी उरला ना लढायची ताकद. त्या कंपनीत व्हर्जिनियातल्या बेडफर्ड नावाच्या छोट्या गावची पोरं होती, त्यातली १९-२० त्या एकाच दिवशी गेली. (अमेरिकेचं राष्ट्रीय डी-डे स्मारक त्याच गावात आहे, ते उगाच नाही.) या कंपनीला चौदात एकचा हिशोब सांगून बघा.

म्हणून नियम असा करा, की पूर्ण पॅराट्रूपरची तुलना पूर्ण बीचशी करायची आणि पहिल्या तासाची तुलना पहिल्या तासाशी. मध्येच सोयीप्रमाणे उडी मारायची नाही.

मग घड्याळ हातात घ्या

एका कागदावर दोन उभ्या रांगा करा आणि सैनिक निघाल्यापासून तो आपल्या लोकांत पोचेपर्यंत कुठल्या टप्प्यावर कशाने मरू शकत होता ते लिहीत जा. माझ्या मते या तुलनेतला सगळ्यात कामाचा भाग हाच, आकडे नंतर.

पॅराट्रूपरची रांग विमानातच सुरू होते. सी-४७ डकोटा, ना चिलखत, ना बहुतेकांना गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या पेट्रोलच्या टाक्या. नॉर्मंडीतल्या कोटांतां द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर अचानक ढग लागले, पाठोपाठ खालून विमानविरोधी तोफा सुरू झाल्या, पायलट लोकांनी टक्कर टाळायला फॉर्मेशन मोडलं आणि मग कोण कुठे गेलं याचा मेळ राहिला नाही. १०१ च्या एका कंपनीचा कमांडर आपल्या हेडक्वार्टरच्या माणसांसकट विमानातच संपला, उडी मारायचा प्रश्नच आला नाही. पुढचा टप्पा दाराचा. विमान ६००-७०० फुटांवर आणि हळू पाहिजे, पण गोळीबारात हळू कोण चालवणार, वेगात उडी मारल्यावर पॅराशूट उघडताना जो झटका बसतो त्याने पायाला बांधलेल्या बॅगा तुटून गेल्या आणि कित्येक जण फ्रान्सच्या जमिनीवर चाकू आणि दोन ग्रेनेड एवढ्यावर पोचले. हवेत वेळ फार जात नाही, मिनिटभरसुद्धा नाही. मग जमीन, किंवा जमीन समजून पाणी. मेर्देरे आणि दूव्ह नद्यांच्या काठचा भाग जर्मनांनी पाण्याखाली घातला होता, पाणी कमरेएवढं असलं तरी अंगावर पस्तीस-चाळीस किलोचं ओझं आणि वर ओलं पॅराशूट असेल तर माणूस उठतच नाही. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, ब्रिटिशांच्या हार्नेसला एका दणक्यात सुटणारं कुलूप होतं, अमेरिकनांना एकेक बकल सोडवत बसावं लागायचं. धोका शत्रूकडूनच येतो असं नाही, तो बकलमध्येही असतो.

आणि एवढं करून उभा राहिला तरी एकटा. रेडिओ बहुधा पाण्यात, तोफ नाही, जखमी झाला तर मागे न्यायला मागे असं काही नाहीच. आंगोव्हिल-ओ-प्लां गावच्या चर्चमध्ये दोन मेडिकनी ८० च्या आसपास जखमींवर उपचार केले, त्यात जर्मनही होते, आणि भोवती गाव दोन्हीकडे आलटून पालटून जात होतं.

आता बीचची रांग. ती सुरू होते किनाऱ्यापासून अठरा-एक किलोमीटरवर, जिथे माणसं मोठ्या जहाजातून छोट्या लँडिंग क्राफ्टमध्ये चढली. समुद्र खवळलेला, लाटा आत येतायत, निम्मे लोक उलट्या करून अर्धमेले, काही बोटी तर किनारा बघायच्या आधीच बुडाल्या. मग रॅम्प पडतो. बोट वाळूच्या उंचवट्यावर अडकली तर पुढे डोक्यावर पाणी. तिथून पुढे ओहोटीमुळे उघडी पडलेली तीनशेएक यार्ड सपाट वाळू. ओहोटी मुद्दाम निवडली होती, कारण पाण्यातले अडथळे दिसले पाहिजेत, म्हणजे बोटी वाचवायच्या तर माणसांनी जास्त पळायचं असा तो सौदा होता. समोर शंभर फुटांच्या वर टेकडी आणि वर मिनिटाला १,२०० गोळ्या ओकणारी जर्मनांची एमजी-४२ मशीनगन. जखमी होऊन जो वाळूवर पडला त्याच्या मागून भरतीचं पाणी चढत येत होतं.

दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लगेच दिसते. बीचवाल्याला शत्रू नेमका जिथे बंदूक रोखून बसलाय तिथेच जावं लागतं, त्याचा धोका थोड्या मिनिटांत ठासून भरलेला असतो. पॅराट्रूपर बहुतेक वेळा जिथे शत्रूने वाट बघितलेली नाही तिथे पडतो, पण त्याचा धोका पसरट असतो, तासन् तास आणि दिवस दिवस चालतो, आणि त्यात नशिबाचा हिस्सा फार मोठा. सेंत-मेर-एग्लीझ गावात काही जण थेट चौकात, आग लागलेल्या घराच्या उजेडात उतरले आणि हवेतच मारले गेले, तर जॉन स्टील चर्चच्या मनोऱ्याला अडकून लोंबकळला आणि वाचला.

"का" विचारल्याशिवाय आकडा वापरू नका

ओमाहा आणि युटा दोन्ही बीच, दोन्हीकडे अमेरिकन, एकच सकाळ. मग एवढा फरक का? ओमाहावर बॉम्बर विमानांनी ढगावरून, आपल्याच बोटींवर पडू नयेत म्हणून बॉम्ब थोडे उशिरा सोडले आणि ते सगळे आत शेतांत पडले. पाण्यात तरंगणारे २९ डीडी रणगाडे एका बटालियनने लांबून सोडले, २७ बुडाले. समोर जर्मनांच्या ३५२ डिव्हिजनचे ताजे लोक. युटावर मात्र मध्यम बॉम्बर ढगाखालून नीट नेम धरून आले, ३२ पैकी २८ डीडी रणगाडे वाळूवर चढले, आणि प्रवाहाने बोटी ठरल्या जागेच्या जवळजवळ दोन किलोमीटर दक्षिणेला नेल्या, जिथे बचाव कच्चा निघाला. थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर, हा माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, वय ५६, हातात काठी, त्याने तिथूनच पुढे जायचं ठरवलं.

पण युटाचं खरं गणित वाळूच्या मागे आहे. बीचच्या मागे सगळं पाणी आणि त्यातून बाहेर पडायला चार अरुंद रस्ते. ते रस्ते जर्मनांच्या हातात राहिले असते तर २१,००० माणूस वाळूवर कोंडला असता. ते रस्ते मोकळे करायचं काम कुणाचं होतं, तर रात्री उतरलेल्या पॅराट्रूपरचं. ब्रेकूर मॅनरला चार १०५ मिलिमीटर तोफा युटाच्या वाटेवर मारा करत होत्या, त्या १०१ च्या डझनभर माणसांनी रिचर्ड विंटर्सच्या हाताखाली बंद पाडल्या. हा विंटर्स म्हणजे वर सांगितलेला कमांडर विमानात गेला म्हणून त्याच्या जागी कंपनी सांभाळणारा माणूस.

म्हणजे युटाच्या २०० चा आकडा छोटा आहे कारण त्याच्या बिलाचा मोठा हिस्सा पॅराट्रूपरच्या २,५०० मध्ये लागलाय. हे दोन आकडे एकमेकांविरुद्ध उभे करणं मला तरी पटत नाही, ते एकाच वहीतले आहेत. युटा आणि पॅराट्रूपर एकत्र धरून ओमाहाशी तुलना केलीत तर ती जास्त प्रामाणिक होईल, आणि करून बघाच, दोन्हीकडे तोटा बराच जवळ जवळ येतो.

भेट किती तासांत झाली ते शोधा

पॅराट्रूपरच्या बाबतीत सगळ्यात मोठा प्रश्न एकच, जमिनीवरून येणारी आपली फौज त्याला कधी भेटली. डी-डेच्या आधी एअर चीफ मार्शल ली-मॅलरी मोहिमेचे सरसेनापती आयसेनहॉवरना सांगत होते की निम्मे पॅराट्रूपर आणि ७० टक्के ग्लायडरवाले (बिनइंजिनाच्या विमानातून उतरणारे) जातील. तसं झालं नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे युटावरून आलेले लोक १०१ ला त्याच दिवशी भेटले. सप्टेंबर १९४४ ला आर्न्हेममध्ये बरोबर उलटं झालं, ब्रिटिशांची १ एअरबोर्न डिव्हिजन तिथेच अडकली, जमिनीवरून येणारी ३० कोर पुलापर्यंत पोचलीच नाही, उतरलेले साधारण १०,००० आणि ऱ्हाइन ओलांडून परत आलेले दोन हजारांच्या थोडे वर. बाकीचे बहुतेक कैदेत.

काळाची खिडकीही ताणून बघा. ८२ डिव्हिजन नॉर्मंडीत ३३ दिवस लढली, ५,२४५ मेले, जखमी किंवा बेपत्ता. युटावर हसत-खेळत उतरलेली ४ इन्फन्ट्री डिव्हिजन? शेरबूर बंदर पडेपर्यंत तिचाही तोटा ५,००० च्या पुढे गेला. पॅराट्रूपरना जुलैमध्ये इंग्लंडला परत नेलं, पायदळ मात्र तिथेच लढत राहिलं. त्यामुळे कोणी फक्त ६ जूनवर बोलत असेल तर त्याला जुलै विचारा.

एका लढाईवरून सगळ्या युद्धाचा नियमही काढू नका. मे १९४१ ला ग्रीसच्या क्रीट बेटावर जर्मन पॅराट्रूपर पिस्तुलं घेऊन उतरले, रायफली वेगळ्या पेट्यांत, पेटीपर्यंत पोचायच्या आधीच शेकड्यांनी गेले आणि हिटलरने नंतर तेवढी मोठी हवाई मोहीम परत काढली नाही. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीवर अमेरिकनांची २३ विमानं त्यांच्याच तोफांनी पाडली, डी-डेच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे आले ते यातून. आणि पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर नोव्हेंबर १९४३ मध्ये भरती कमी पडली, बोटी प्रवाळावर अडकल्या, मरीन्सना शेकडो यार्ड पाण्यातून चालत जावं लागलं, ७६ तासांत हजाराच्या आसपास मेले.

मला एका ओळीत विचाराल तर, साडेसहा वाजता ओमाहाच्या पहिल्या बोटीत बसण्यापेक्षा मी विमान निवडेन, पण "डी-डेला उतरणारा कुठलाही एक सैनिक" अशी चिठ्ठी काढायची असेल तर बीचची चिठ्ठी घेईन.

सराव करायचाय? मग १९७१ घ्या

डिसेंबर १९७१ मध्ये आपल्याच फौजेने दोन्ही प्रकार केलेत आणि तेही काही दिवसांच्या अंतराने. ११ डिसेंबरला २ पॅरा (मराठा), म्हणजे मुळातली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नूंच्या हाताखाली टांगाइलजवळ उतरली आणि पुंगली पूल धरला, जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याला मागे सरणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायला. वरची पद्धत लावा: खाली कादेर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीचा इलाका, म्हणजे उतरताना समोर शत्रू कमी आणि मदतीला गावकरी, आणि उत्तरेकडून येणारी मराठा लाइट इन्फन्ट्री लवकरच येऊन मिळाली. म्हणजे भेटीचा वेळ छोटा. आर्न्हेमची रांग शेजारी ठेवून टप्पे जुळवत जा.

दुसरीकडे कॉक्स बझारला समुद्रातून गुरखे उतरवले. किनाऱ्यावर शत्रू नव्हताच, पण लँडिंग शिप पुरेशी जवळ जाऊ शकली नाहीत, पुढे उतरलेल्यांना खोल पाणी लागलं आणि जवान बुडून गेले. त्यामुळे बीचची रांग लिहिताना मशीनगनच्या आधी वाळूचा उतार, पाण्याची खोली आणि भरतीची वेळ लिहा, बाकीचं नंतर.