केसगळती: तपासणीआधी आणि तपासणीनंतर या चुका टाळा

केस गळू लागले की घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये पहिला ठपका टँकरच्या पाण्यावर येतो, आणि ऐरोली-घणसोलीला नव्याने राहायला आलेली मंडळीही ‘इकडच्या पाण्याला’च दोष देतात. क्षार जास्त असलेल्या पाण्याने केस राठ होऊन मधूनच तुटू शकतात, हे खरे; परंतु मुळापासून गळणाऱ्या केसांचे कारण बहुतेक वेळा नळात सापडत नाही. ते शोधण्यासाठी कालनिर्णयाची दोन-तीन पाने मागे उलटावी लागतात.

डोक्यावरचा केस काही वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक मानले जाते. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार यांचा शरीराला धक्का बसला, तर एरवीपेक्षा कितीतरी अधिक केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. ऑगस्टमध्ये डेंगी झालेल्या माणसाच्या न्हाणीघरातील जाळीवर केसांचे पुंजके अडकू लागतात ते दिवाळीच्या सुमारास. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष नुकत्याच आणलेल्या शाम्पूवर जातो. अशी गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. गळलेल्या केसाच्या टोकाची बारीक पांढरी गाठ पाहून ‘मूळच उपटले गेले’ असे समजून घाबरण्याचेही कारण नाही, कारण ती केवळ विश्रांती संपलेल्या केसाची खूण असते आणि नवा केस उगवणारा कोश त्वचेतच राहिलेला असतो.

सगळी गळती मात्र अशी नसते. पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे मागे सरकणे आणि स्त्रियांमध्ये भांग रुंदावत जाणे हे आनुवंशिक विरळपणाचे लक्षण असून, त्यात केस हळूहळू बारीक होत जातात. गोल, गुळगुळीत चकता पडला तर ती चाई असू शकते. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, त्यामुळे कांद्याचा रस चोळत आठवडे घालवू नयेत. लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांसह केस तुटत असतील तर बुरशीचा संसर्ग संभवतो. त्यावर पोटातून औषध घ्यावे लागते आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने तो चिघळतो. सर्वांत घाईचे प्रकरण म्हणजे जळजळ, लाली किंवा दुखरेपणासह केस जाऊन त्वचेवरची छिद्रेच नाहीशी होणे. तेथे व्रण उरतो, गेलेले केस परत येत नाहीत आणि निदानासाठी अनेकदा त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.

डोके कोणाला न दाखवताच प्रयोगशाळेचे भलेमोठे पॅकेज करून घेणे ही आणखी एक चूक. त्वचारोगतज्ज्ञ आधी भांग व टाळू भिंगाखाली पाहतात, मग ५०-६० केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात आणि किती केस हाती येतात ते मोजतात. त्याच दिवशी डोके धुऊन गेल्यास सुटलेले केस आधीच गेलेले असतात आणि ही चाचणी फसते. त्यानंतर गरजेनुसार हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच सांगितले जाते. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढले असतील तर संप्रेरकेही पाहिली जातात.

येथे केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घोटाळा करतात. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे आणि रक्त देण्यापूर्वी ती निदान दोन दिवस थांबवावी.

केस वाढवण्यासाठी टाळूवर लावायचे मिनॉक्सिडिल हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, आणि नेमके तेव्हाच अनेक जण ते सोडून देतात. त्याचा परिणाम चार ते सहा महिन्यांनीच जोखता येतो. तोही एकाच जागी, एकाच उजेडात काढलेल्या भांगाच्या छायाचित्रांवरून, कारण रोजच्या आरशात हा फरक कळत नाही. टक्कल रोखण्यासाठी फिनास्टेराइडची गोळी घेणाऱ्या पुरुषांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या पीएसए या रक्तचाचणीपूर्वी ते आवर्जून सांगावे, कारण या औषधाने तो आकडा जवळपास निम्म्यावर येतो; आणि गर्भवती स्त्रीने हे औषध घेऊ नये, तुटलेल्या गोळीला हातही लावू नये.