जुन्या चर्चला आग लागू नये म्हणून या चुका टाळा

15 एप्रिल 2019 रोजी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधील धोक्याची घंटा वाजली, तेव्हा सुरक्षारक्षक मुख्य छपराखालच्या पोटमाळ्याऐवजी शेजारच्या वस्त्रागाराच्या माळ्यावर पोहोचला. तिथे काहीच आढळले नाही, आणि खरी आग कुठे आहे हे उमगून अग्निशमन दलाला फोन जाईपर्यंत सुमारे अर्धा तास निघून गेला. आठच्या आतच शिखर कोसळले. यंत्रणा बसवली म्हणजे वास्तू सुरक्षित झाली असे समजणे ही पहिली चूक आहे. आपल्याकडे नाशिकच्या शरणपूर परिसरातील प्रार्थनामंदिर असो वा पंचवटीतील सागवानी तुळयांचा वाडा, अलार्मच्या पॅनेलवर ‘झोन 4’ असे न लिहिता ‘घंटाघराचा जिना’ किंवा ‘वेदीमागचा माळा’ असे ठळक मराठीत लिहावे आणि रात्रीच्या नव्या रखवालदाराला त्या प्रत्येक जागेपर्यंत एकदा चालत नेऊन आणावे. घंटा वाजताच एकाने पाहायला जावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने 101 लावावा. खात्री करून मग कळवू, हा विचार महागात पडतो.

दुसरी चूक सर्वांत घातक आहे, कारण ती वास्तूवरील प्रेमापोटीच होते: दुरुस्तीच्या काळात देखरेख ढिली पडते. नोत्र दामच्या आगीचे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नसले, तरी तेव्हा तिथे दुरुस्तीसाठी परांची बांधलेली होती. फ्रान्समधीलच नांत येथील कॅथेड्रलचे छप्पर 1972 मध्ये कामगाराच्या ब्लोटॉर्चमुळे पेटले. पुढे तिथे काँक्रीटचा सांगाडा उभारण्यात आला, म्हणून 2020 च्या आगीत छप्पर बचावले, पण जुना ऑर्गन मात्र गेला. नाशिकमध्ये 2027 च्या सिंहस्थापूर्वी अनेक जुन्या वास्तूंची डागडुजी होत असताना हे ध्यानात ठेवणे फार गरजेचे आहे. कौलांखालच्या वाशांवर पारव्यांची घरटी, सुका काडीकचरा आणि वर्षानुवर्षांची धूळ साचलेली असते. पन्हळीच्या वेल्डिंगची एक ठिणगी त्यात पडली की ती तासभर धुमसत राहते, आणि भडका उडतो तेव्हा कामगार घरी पोहोचलेले असतात. म्हणून शक्य ते कापकाम अंगणात करावे, माळा आधी झाडून घ्यावा, वेल्डिंग दुपारी चारनंतर करू देऊ नये आणि काम थांबल्यावर किमान एक तास हातात बादली व टॉर्च घेतलेला माणूस तिथे बसवावा. कंत्राटात ही अट लेखी घालावी आणि त्या माणसाची मजुरी वेगळी द्यावी, नाहीतर तो बसणार नाही.

नाताळात एका जुन्या चर्चमध्ये मी वेदीमागचा प्लग हाताने चाचपला, तर तो चहाच्या कपाइतका गरम होता. त्याच एका सॉकेटवर दिव्यांच्या माळा, ध्वनिक्षेपक आणि दोन पंखे चालू होते, आणि वायर गालिच्याखालून गेली होती. माळा चांगल्या दर्जाच्या होत्या, पण भार पेलणारी जुनी वायर भिंतीच्या आत होती आणि ती कोणी पाहिलीच नव्हती. सणापूर्वी परवानाधारक वायरमनकडून पूर्ण वायरिंग तपासून घ्यावे आणि शेवटचा माणूस निघताना मुख्य स्विच बंद होईल, अशी सोय करावी. मेणबत्त्या वाळूच्या तबकात, पडद्यांपासून दूर लावाव्यात.

आकाशातून पडणाऱ्या विजेला मात्र माणसाचा निष्काळजीपणाही लागत नाही. इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टरच्या दक्षिण भागाचे छप्पर 1984 मध्ये जळाले, त्याचे सर्वांत संभाव्य कारण वीज पडणे हेच मानले जाते. आपल्याकडे वळवाच्या पावसाआधी, एप्रिलमध्येच तडितरक्षकाची जोडणी तपासून घ्यावी.

शेवटची चूक फाटकापाशी होते. प्रार्थनेच्या वेळी आत इतक्या गाड्या लागतात की बंब वळू शकत नाही, आणि फाटकाची किल्ली कोणाकडे असते हे एकाच माणसाला ठाऊक असते. जवळच्या अग्निशमन केंद्राला वास्तूचा नकाशा, पाण्याच्या टाकीची जागा आणि आधी वाचवायच्या वस्तूंची यादी देऊन ठेवावी, आणि जवानांना एकदा बोलावून घंटाघरापर्यंतची वाट प्रत्यक्ष दाखवावी.